शाळेचा प्रस्ताव : मागणे आणि मांडणे



शाळेच्या भौतिक गरजा केवळ वार्षिक अनुदानातून भागत नाहीत, हे आपणांस अनुभवाने ठाऊक आहे. गळके छप्पर, पडकी कुंपणभिंत, मुलींच्या स्वच्छतागृहात नसलेले पाणी अशा गोष्टींसाठी मुख्याध्यापकांस ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, जवळचा साखर कारखाना, दूध संघ, औद्योगिक वसाहतीतील एखादी कंपनी अशा अनेक दारांशी जावे लागते. जाताना हातात एक कागद असतो. त्यास आपण प्रस्ताव म्हणतो. परंतु उघडून वाचला असता तो बहुधा अर्ज निघतो.

अर्ज आणि प्रस्ताव यांत मोठे अंतर आहे. अर्जात मागणारा आपली अडचण सांगतो आणि पुढचे सारे समोरच्याच्या दयाबुद्धीवर सोपवितो. प्रस्तावात तो एक काम समोर ठेवतो. हे काम करावयाचे आहे. ते अमुक कारणाने निकडीचे आहे. अमुक रीतीने, एवढ्या खर्चात व एवढ्या दिवसांत ते पुरे होईल. त्यातील एवढा भार आम्ही उचलतो, एवढा आपण उचलावा. आणि काम झाल्यावर ते टिकविण्याची जबाबदारी अमक्याची राहील. एक व्यावसायिक दुसऱ्या व्यावसायिकास जो प्रस्ताव पाठवितो त्याचा सांगाडाही याहून निराळा नसतो. कारखान्याच्या किंवा कंपनीच्या कचेरीत आपला कागद ज्या गृहस्थाच्या टेबलावर जातो, तो दिवसभर असलेच कागद वाचीत असतो. यंत्राच्या सुट्या भागांचा पुरवठा, वाहतुकीचा ठेका, इमारतीची दुरुस्ती यांचे प्रस्ताव ज्या गठ्ठ्यात असतात त्याच गठ्ठ्यात आपल्या शाळेचा कागद जाऊन पडतो. त्या गृहस्थास शाळेविषयी आस्था नसते असे मुळीच नाही. परंतु किती, कशासाठी, केव्हापर्यंत, कोणाच्या जबाबदारीवर, हे प्रश्न त्याच्या सवयीचे असतात, आणि त्यांची उत्तरे कागदात सापडली नाहीत तर तो आपल्याला बोलावून विचारीत बसत नाही. कागद बाजूस ठेवून पुढचा उचलतो.

शाळेने व्यापाऱ्याची भाषा का शिकावी, असा आक्षेप काही शिक्षक घेतात. त्यांनी आपल्याच परंपरेतील एक कागद आठवावा. १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगास महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्याहून एक निवेदन सादर केले. आपला अनुभव मुख्यतः पुणे व आसपासच्या खेड्यांपुरता आहे, ही मर्यादा त्यांनी आरंभीच नोंदविली आणि आपण काढलेल्या शाळांची हकीकत थोडक्यात दिली. त्यानंतर शेतकऱ्याकडून सरकारास मिळणारा पैसा आणि त्याच्या मुलांच्या शिक्षणावर होणारा खर्च यांतील तफावत दाखविली. मग मागण्या आल्या, आणि त्या एकाहून एक नेमक्या होत्या. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे. शिक्षक प्रशिक्षित असावेत व शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत. त्यांचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा व मोठ्या गावांत तो १५ ते २० रुपये असावा. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचनलेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे पाठ असावेत. सक्तीची मागणी त्या वेळी मान्य झाली नाही. देशभरातील मुलांना शिक्षणाचा कायदेशीर हक्क देणारा कायदा २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. परंतु निवेदनाची रचना पाहावी. सांगणारा कोण, त्यास काय ठाऊक आहे, अन्याय कोठे आहे, आणि त्यावर नेमके काय करावे, हा क्रम त्यात स्पष्ट आहे. अन्यायाची चीड त्यात आहेच, पण ती आकड्यांच्या मागे उभी आहे. पगाराचा आकडा लिहिताना त्यांना संकोच वाटला नाही. आपणांसही वाटण्याचे कारण नाही.

आता एक कल्पित शाळा डोळ्यांसमोर घेऊन प्रस्ताव कसा उभा राहतो ते पाहू. शाळा माणदेशासारख्या अवर्षणप्रवण भागातील आहे. पट ८६, शिक्षक तीन. नळास आठवड्यातून दोनच दिवस पाणी येते. पावसाचे पाणी छपरावरून टाकीत साठवावे आणि हात धुण्यासाठी नळांची ओळ बांधावी, असा विचार शाळा व्यवस्थापन समितीने केला आहे. या शाळेचा कागद नेहमीच्या वळणाने लिहिला तर तो साधारणपणे असा होईल :

“आमची शाळा ग्रामीण व दुर्गम भागात असून येथील पालक गरीब व कष्टकरी आहेत. शाळेत भौतिक सुविधांचा अभाव असल्याने विद्यार्थ्यांची अत्यंत गैरसोय होत आहे. आपण दानशूर व शिक्षणप्रेमी असल्याचे सर्वश्रुत आहे. तरी आमच्या शाळेस पाण्याच्या टाकीसाठी भरघोस मदत करून उपकृत करावे, ही नम्र विनंती.”

यातील एकही वाक्य खोटे नाही. तथापि हा परिच्छेद जिल्ह्यातील कोणत्याही शाळेच्या नावाने पाठविता येईल, आणि हाच त्याचा दोष आहे. ‘भौतिक सुविधांचा अभाव’ या शब्दांनी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. ‘भरघोस’ म्हणजे पाच हजार की पाच लाख, हे त्याने ठरवावयाचे आहे. त्यास दानशूर म्हटल्याने त्याची अडचण कमी होत नाही. उलट, ज्यास रोज दहा जण दानशूर म्हणतात त्यास त्या शब्दाचा कंटाळा आलेला असतो.

हाच मजकूर दुसऱ्या रीतीने लिहून पाहू :

“आमच्या शाळेत ८६ विद्यार्थी आहेत, मुली ४५ व मुलगे ४१. शाळेतील एकमेव नळास आठवड्यातून दोन दिवस पाणी येते. उरलेल्या दिवशी मुले घरून बाटली आणतात व ती दुपारपर्यंत संपते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा दिवस मधल्या सुट्टीनंतर दुसऱ्यांदा हजेरी घेतली. सरासरी २३ मुले पाण्यासाठी घरी गेली होती. त्यांपैकी सरासरी ९ मुले त्या दिवशी परत आली नाहीत, व त्या नवांत ६ मुली होत्या.”

येथे ‘अत्यंत’ नाही, ‘नितांत’ नाही, उपकाराची भाषा नाही. परंतु नऊ मुले दुपारनंतर वर्गात नाहीत आणि त्यांत सहा मुली आहेत, हे वाचल्यावर वाचणारा थांबतो. पाण्याचा प्रश्न हा शिकण्याचा प्रश्न कसा झाला, ते त्यास निराळे सांगावे लागत नाही. या परिच्छेदासाठी शिक्षकांस कोणती साहित्यिक प्रतिभा लागली? सहा दिवस दुपारी हजेरी घेण्याचे कष्ट लागले, एवढेच. प्रस्तावाचे खरे लेखन टेबलाशी बसण्यापूर्वीच होते, असे मी म्हणतो ते याच अर्थाने. मोजमाप नसेल तर शब्द कितीही आणले तरी कागद पोकळच राहतो.

मोजमापाविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण गणित शिकविणारे आपण स्वतःच्या शाळेचे गणित मात्र ‘अंदाजे’ या शब्दावर निभावतो. टाकी किती मोठी असावी? आपल्या कल्पित शाळेचे छप्पर १८ मीटर लांब व ७ मीटर रुंद आहे, म्हणजे क्षेत्रफळ १२६ चौरस मीटर. वर्षाचा सरासरी पाऊस ५०० मिलिमीटर, म्हणजे अर्धा मीटर धरला, तर छपरावर पडणारे पाणी ६३ घनमीटर होते. त्यातील काही उडते, काही वाया जाते, पहिल्या पावसाचे धुवण सोडून द्यावे लागते. यास्तव आठ दशांश हिशेबात धरावे. उरले ५०.४ घनमीटर, म्हणजे ५०,४०० लिटर. आता खर्च पाहू. पिण्यासाठी व हात धुण्यासाठी प्रत्येक मुलास दिवसाला ५ लिटर धरले तर ८६ मुलांस रोज ४३० लिटर लागतील. ४ मीटर लांब, अडीच मीटर रुंद व २ मीटर खोल अशी टाकी २० घनमीटरची, म्हणजे २०,००० लिटरची होते. ती एकदा भरली की शाळेचे ४६ दिवस निभावते. पाचवीतील मुलांकडून छप्पर मोजवून घेतल्यास क्षेत्रफळाचा पाठही होऊन जाईल. परंतु प्रस्तावात घालण्याचे आकडे शिक्षकाने स्वतः पुन्हा मोजावेत.

या हिशेबातून एक गैरसोयीची गोष्ट बाहेर येते. त्या भागात पावसाचा जोर मुख्यतः परतीच्या पावसावर असतो. टाकी ऑक्टोबरच्या सुमारास भरली, तर ४६ शालेय दिवसांत, मध्ये दिवाळीची सुट्टी धरूनही, डिसेंबर किंवा जानेवारीत ती रिकामी होईल. म्हणजे फेब्रुवारीत ज्या नऊ मुलांची आपण नोंद केली, त्यांच्यासाठी छपराचे पाणी उरणार नाही. ही गोष्ट प्रस्तावात लिहावी की लपवावी? निःसंशय लिहावी, आणि तिच्यापुढे उपायही लिहावा. आठवड्यातून दोन दिवस नळास येणारे पाणी आज साठविण्याची सोय नसल्यामुळे वाहून जाते. टाकी झाल्यावर जानेवारीपासून त्या दोन दिवशी ती भरून घेता येईल. शाळेची आठवड्याची गरज सहा दिवसांस २,५८० लिटर आहे, आणि दोन दिवसांत तेवढे पाणी देण्यास ग्रामपंचायतीने ठरावाने मान्यता दिली आहे, असे लिहून ठराव जोडावा. आपल्या योजनेतील उणीव आपणच दाखविली की वाचणाऱ्याचा उरलेल्या मजकुरावर विश्वास बसतो. उणीव त्याने शोधून काढली तर तो प्रत्येक आकड्याकडे संशयाने पाहू लागतो.

आता खर्च. पुढील रकमा केवळ उदाहरणादाखल आहेत. त्या उतरवून घेऊ नयेत. समजा, टाकीच्या बांधकामास १,६०,००० रुपये, पन्हळ, नळ्या व गाळणीस २८,००० रुपये आणि आठ नळांच्या हात धुण्याच्या ओट्यास ३४,००० रुपये, असा एकूण २,२२,००० रुपये खर्च आहे. खड्ड्याची खोदाई पालक श्रमदानाने करणार, तिचे मूल्य २२,००० रुपये. ग्रामपंचायत ४०,००० रुपये देणार. तेव्हा मागणी १,६०,००० रुपयांची. ही मागणी पहिल्याच पानावर, विषयाच्या ओळीतच असावी. “शाळेस मदत मिळणेबाबत” असा विषय लिहू नये. “२०,००० लिटर क्षमतेच्या पर्जन्यजल टाकीच्या बांधकामासाठी १,६०,००० रुपयांच्या सहभागाबाबत” असे लिहावे. कित्येक प्रस्तावांत रक्कम शोधण्यासाठी चौथे पान उलटावे लागते, जणू ती सांगणे असभ्यपणाचे आहे. मागणाऱ्याने रक्कम दडविली की देणाऱ्यास ती मोठी असावी असेच वाटते.

बांधकामाचे अंदाजपत्रक पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातील अभियंत्याकडून घ्यावे. गावातील गवंड्याने सांगितलेली रक्कम उपयोगाची असली तरी कागदावर ती टिकत नाही. बाजारातून घ्यावयाच्या वस्तूंची तीन दरपत्रके जोडावीत, आणि दरात वस्तू व सेवा कर धरला आहे किंवा नाही ते प्रत्येक दरपत्रकावर पाहून घ्यावे. एकात कर धरलेला व दुसऱ्यात न धरलेला असेल तर तुलना व्यर्थ होते, आणि मंजूर रक्कम कराएवढी अपुरी पडून काम अर्धवट राहते. पन्हळ बसली, ओटा मात्र राहिला, अशी दृश्ये आपल्या बीटमध्ये पाहावयास मिळतात. किरकोळ रंग, खडू, झाडू यांसारख्या बाबी अशा प्रस्तावात घुसडू नयेत. त्यासाठी संयुक्त शाळा अनुदान आहे, आणि वाचणाऱ्यासही ते ठाऊक असते.

खर्चाच्या कागदात बहुधा कोणीच लिहीत नाही अशी एक बाब म्हणजे काम झाल्यानंतरचा खर्च. टाकी दरवर्षी मृगापूर्वी धुवावी लागेल, छप्पर झाडावे लागेल, गाळणीतील वाळू बदलावी लागेल, पाण्यात क्लोरीनची पूड टाकावी लागेल, नळाच्या तोट्या मुले मोडतील. याचा वार्षिक खर्च किती, तो कोण देणार, आणि किल्ली कोणाकडे राहणार, हे चार ओळींत लिहावे. एकदा दिलेली वस्तू दोन वर्षांत निकामी होऊन पडलेली पाहिलेल्या दात्यास याच चार ओळी वाचावयाच्या असतात. ‘शाळा काळजी घेईल’ हे उत्तर नव्हे. शिक्षकाची बदली होते. शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामपंचायत गावातच राहतात. म्हणून जबाबदारी त्यांच्या ठरावाने घातलेली बरी.

समितीचा ठराव हा केवळ उपचार नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ अन्वये या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या सदस्य महिला असावयास हव्यात, आणि कलम २२ अन्वये शाळेचा विकास आराखडा करणे हे तिचे काम आहे. मागितलेले काम त्या आराखड्यात असेल तर तसा उल्लेख अवश्य करावा. एखादे काम आराखड्यात नाही, पण दाता ते देतो म्हणून मागावयाचे, या प्रकाराने शाळेत संगणक येतात आणि वीज नसते.

आता कागद कोणाकडे जातो त्याप्रमाणे त्यात काय बदलावे, हे पाहिले पाहिजे. आपल्याकडे एकच मसुदा तयार करून त्यावरील नाव तेवढे बदलण्याची प्रथा आहे. कंपन्यांविषयीचा २०१३ चा कायदा आपण ऐकून असतो. त्याच्या कलम १३५ नुसार, लगतच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावयाचे असतात. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण, स्वच्छता व पिण्याचे शुद्ध पाणी हे विषय आहेत, आणि कंपनीने आपल्या परिसरास प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. तेव्हा कंपनीस लिहिताना आपले काम अनुसूचीतील कोणत्या विषयात बसते व कारखान्यापासून शाळा किती किलोमीटरवर आहे, या दोन गोष्टी पहिल्या पानावर असाव्यात. कंपनी असे काम स्वतः करू शकते किंवा नोंदणी झालेल्या संस्थेमार्फत करविते. १ एप्रिल २०२१ पासून अशा संस्थेची केंद्र सरकारकडे स्वतंत्र नोंदणी लागते. आपली शाळा व्यवस्थापन समिती ही तशी संस्था नव्हे. यास्तव ‘रक्कम समितीच्या खात्यावर जमा करावी’ असा आग्रह न धरता, कंपनीने काम स्वतः करून द्यावे अथवा पुरवठादारास परस्पर पैसे द्यावेत, असा पर्याय आपणच सुचवावा. मुख्याध्यापकाच्या डोक्यावरील हिशेबाचे ओझेही त्याने हलके होते.

परंतु हाच मजकूर सहकारी साखर कारखान्यास पाठविला तर हसे होईल. सहकारी कारखाना, दूध संघ, पतसंस्था या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालील संस्था होत; कलम १३५ त्यांना लागू नाही. निव्वळ नफ्यातून सार्वजनिक कामासाठी काही भाग वेगळा काढण्याची तरतूद त्यांच्या कायद्यात आहे. मात्र तेथे निर्णय संचालक मंडळ घेते आणि ते सभासदांस उत्तरदायी असते. अशा ठिकाणी दोन टक्क्यांची भाषा न करता, शाळेतील ८६ मुलांपैकी किती मुलांचे पालक त्या कारखान्याचे ऊस उत्पादक सभासद आहेत, ते मोजून लिहावे. तो आकडा संचालकास कोणत्याही कलमाहून लवकर समजतो. ऊसतोड मजुरांची मुले शाळेत येत असतील तर त्यांचीही संख्या द्यावी. तो कारखान्याच्या जबाबदारीचा भाग आहे, आणि तसे लिहिण्यात संकोच नसावा.

ग्रामपंचायतीचे प्रकरण आणखी निराळे. तेथे उत्तम लिहिलेला प्रस्ताव उशिरा पोहोचला तर निरुपयोगी ठरतो, कारण गावाचा वार्षिक विकास आराखडा एकदा ग्रामसभेत मंजूर झाला की त्या वर्षाची कामे ठरून जातात. आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या आगेमागे सुरू होते, हे ध्यानात ठेवून शाळेचे काम त्यापूर्वीच समितीच्या महिला सदस्यांमार्फत ग्रामसभेपुढे न्यावे. फेब्रुवारीत दुपारची हजेरी घेतलेल्या शाळेस त्यासाठी पुरेसा अवधी मिळतो.

कोणाकडेही जावयाचे असले तरी शाळेची जागा व इमारत जिल्हा परिषदेची आहे, याचा विसर पडू देऊ नये. बांधकामासाठी तांत्रिक व प्रशासकीय मान्यता लागते, आणि प्रस्ताव केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत योग्य मार्गाने जावा लागतो. दाता तयार आहे, पैसे तयार आहेत, आणि मान्यतेचा कागद नाही म्हणून आर्थिक वर्ष उलटून गेले, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक पहिल्या पानावर घालावा; कार्यालयात शाळा नावाने शोधण्यात जो वेळ जातो तो वाचतो, आणि एकाच नावाच्या दोन वाड्यांची गल्लत होत नाही.

यापुढील गोष्ट मला सर्वांत अधिक महत्त्वाची वाटते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. प्रस्तावाबरोबर छायाचित्रे जोडण्याची चाल पडली आहे. ती चांगली आहे. कोरडा नळ दाखविणारे एक चित्र दहा ओळींचे काम करते. परंतु अलीकडे मुलांचीच छायाचित्रे दैन्याचा पुरावा म्हणून जोडलेली दिसतात : फाटका सदरा, अनवाणी पाय, रिकामी बाटली हाती देऊन उभी केलेली पहिलीतील मुलगी. कित्येकदा मुलांस मुद्दाम तसे उभे केलेले असते. ज्या मुलीस आपण वर्गात मान वर करून बोलावयास शिकवितो, तिलाच मान खाली घालून उभी राहावयास सांगावयाचे, आणि तिचे ते चित्र अनोळखी कचेऱ्यांत फिरवावयाचे, हे शिक्षकास शोभत नाही. ते चित्र उद्या कोणाच्या हाती जाईल यावर आपला ताबा राहत नाही. नळाचे चित्र घ्यावे, छपराचे घ्यावे, टाकीसाठी आखलेल्या जागेचे घ्यावे. मुलांचे घ्यावयाचेच असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी आणि मुले काम करीत असतानाचे घ्यावे. फूटपट्टी व दोरी घेऊन छप्पर मोजणाऱ्या मुलांचे चित्र कोणत्याही दात्यास आवडेल. नावे व घरची परिस्थिती मात्र लिहू नये. ‘अमुक मुलाचे वडील व्यसनी आहेत’ अशी वाक्ये मी प्रस्तावांत वाचली आहेत. त्या वाक्यांनी टाकी मिळत असेल तर ती टाकी महाग पडली.

देणाऱ्याच्या अटींविषयीही आधीच विचार करावा. अटी म्हणजे अपमान असे समजू नये. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली, तीही काही अटींवर. विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव आले ते या देणगीमुळे. विद्यापीठ कशासाठी आहे, हे कर्वे यांच्या मनात पक्के होते. नाव दिल्याने त्यास बाध येत नव्हता. आपणही आपल्या शाळेपुरती अशी रेघ आखून घ्यावी. टाकीवर दात्याचे नाव रंगविण्यास हरकत नाही. वर्गाच्या भिंतीवर त्याच्या मालाची जाहिरात नको. उद्घाटनासाठी मुलांना उन्हात तासभर रांगेत उभे करणे नको, आणि स्वागतगीताच्या सरावासाठी आठवडाभर वाचन-गणिताचे तास बुडविणे तर मुळीच नको. हे सारे प्रस्तावातच ‘शाळा काय करील’ या मथळ्याखाली सौम्य शब्दांत लिहिले असता पुढे तोंडावर नाही म्हणण्याची वेळ येत नाही.

कागदाच्या लांबीसंबंधी थोडेसे. एक पान पत्र, दोन किंवा तीन पाने प्रस्ताव, आणि मागे जोडपत्रे, एवढे पुरे. पत्र असे असावे की तेवढेच वाचून निर्णय घेता यावा, कारण बहुधा तेवढेच वाचले जाते. शाळेचा इतिहास, माजी विद्यार्थ्यांची यादी, मिळालेली पारितोषिके यांस फार तर चार ओळी द्याव्यात. भाषा शुद्ध असावी, परंतु अलंकारिक नसावी. मसुदा झाल्यावर तो गावातील एखाद्या किराणा दुकानदारास वाचून दाखवावा. पैसे कोठे जाणार हे त्यास दोन मिनिटांत कळले नाही तर मसुद्यात दोष आहे असे खुशाल समजावे.

मंजुरी मिळून काम पुरे झाले की आपला पत्रव्यवहार थांबतो. येथे एक कागद आणखी लिहावयाचा असतो. खर्चाचा हिशेब, पावत्यांच्या प्रती आणि उपयोगिता प्रमाणपत्र हे तर नियमानेच द्यावयाचे असते. त्याखेरीज पुढील फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सहा दिवस दुपारची हजेरी घ्यावी, आणि मागील वर्षीचे व या वर्षीचे आकडे शेजारी शेजारी लिहून दात्यास व ग्रामसभेस कळवावेत. नवाचे दोन झाले असतील तर दोन लिहावे. नवाचे सातच झाले असतील तर सात लिहावे, आणि उरलेली मुले कोणत्या कारणाने परतत नाहीत याचा शोध घ्यावा. कदाचित प्रश्न पाण्याचा नसून घरी धाकट्या भावंडास सांभाळण्याचा असेल, आणि मग पुढील मागणी टाकीची नसून अंगणवाडीच्या वेळेविषयीची असेल.

पुढील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या विकास आराखड्यातील एकच काम निवडावे, त्याविषयी सहा दिवसांची एखादी नोंद घ्यावी, आणि केवळ गरजेचा परिच्छेद आठ ते दहा ओळींत लिहून आणावा. दोन प्रती आणाव्यात. एक प्रत शेजारच्या शाळेच्या शिक्षकांकडे दिली जाईल. त्यांनी ज्या शब्दावर आकडा हवा होता तेथे पेन्सिलीने खूण करावयाची आहे, आणि जो शब्द काढून टाकला तरी अर्थ बदलत नाही त्याखाली रेघ मारावयाची आहे.